अठरा टक्के कुणाच्या झोपेतले?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ माननीय गोपीनाथ सामंतसाहेब, प्रमुख पाहुण्या डॉक्टर विद्युल्लताताई, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, समोर बसलेल्या भगिनींनो आणि बंधूंनो, आणि मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पातून दोन बस बदलून आलेल्या, शेवटच्या तीन रांगांत संकोचून बसलेल्या माझ्या मित्रांनो, आपणां सर्वांना सलाम आणि नमस्कार.

बर दुबईच्या या सभागृहात मी बावीस वर्षं श्रोत्यांमध्ये बसत आले. व्यासपीठावरून सभागृह इतकं मोठं दिसतं हे आज कळलं. मघाशी माझ्याबद्दल जे जे बोललं गेलं, त्यातलं निम्मं खरं असतं तरी कंपनीने माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं असतं. असो.

आत येताना सामंतसाहेब हळूच म्हणाले, "मॅडम, आठवणी सांगा, पण राजकारण नको." साहेब, तुमचा शब्द मी मोडणार नाही. मी एकच आठवण सांगणार आहे. तिच्यातून राजकारण निघालंच, तर तो दोष आठवणीचा.

आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. एका बांधकाम कंपनीत कामगारांच्या वसतिगृहांचं वीज आणि कूलिंग माझ्याकडे होतं. कंपनीचं नाव घेत नाही. चार वर्षांपूर्वी कंपनीने ठरवलं की आपणही 'ग्रीन' व्हायचं. एका पुरस्कारासाठी अर्ज करायचा होता, त्यासाठी वीजवापर कमी करून दाखवायचा होता. मला विचारलं, कुठे कमी होईल? मी टेबलावर बसून हिशेब मांडला. कामगार पहाटे साइटवर जातात, संध्याकाळी येतात. दिवसभर खोल्या रिकाम्या. मग सकाळी नऊ ते चार खोल्यांचे एसी बंद ठेवणारे टायमर लावू. चौसष्ट खोल्या, चौसष्ट टायमर. वापर अठरा टक्क्यांनी उतरला. मला टाळ्या मिळाल्या. त्या महिन्याच्या न्यूजलेटरमध्ये माझा फोटो होता, पाठीमागे हिरवी पानं.

मे महिन्यात एक मेल आला. उन्हाळ्यासाठी 'सी' ब्लॉकमधली माणसं नाइट शिफ्टला टाकली आहेत, अशी दोन ओळींची सूचना. बंधुभगिनींनो, तो मेल मी वाचला होता. 'मला कळवलंच नाही' असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आजही सांगणार नाही. वाचला, आणि दुसऱ्या कामाला लागले. रात्री काम करणारा माणूस दिवसा झोपतो, हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागते का हो?

जुलैमध्ये 'सी' ब्लॉकमधला एक लोखंडी सळ्या बांधणारा कामगार भर दुपारी बेशुद्ध सापडला. सोलापूरकडचे राजाभाऊ. त्या खोलीत आठ पलंग, पश्चिमेची भिंत, आणि पारा एक्केचाळीसवर. बाकीचे सात जण ओले टॉवेल अंगावर घेऊन जिन्यात झोपले होते. राजाभाऊंना उठून जिन्यापर्यंत जायची ताकद नव्हती, म्हणून ते आत राहिले. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच हॉस्पिटलमध्ये गेले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण किडनीला मार बसलाय.

राजाभाऊंनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे? मी कॅम्पात कधी दुपारी गेलेच नव्हते. मराठी ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "ताई, त्या एसीला काय झालंय बघा की. नऊला खटकन बंद पडतो, चारला आपोआप चालू होतो. आम्ही दोनदा तक्रार दिली. म्हणतात, टायमर हाय. कुणी लावला ह्यो टायमर?"

मी म्हटलं, "मी."

मला वाटलं, आता शिवी येणार. यायलाच हवी होती. ते एवढंच म्हणाले, "मग काढायचा बी तुमालाच येत असंल."

हॉस्पिटलमधून मी घरी गेले नाही, ऑफिसलाही गेले नाही. सरळ कॅम्प गाठला. आमचा इलेक्ट्रिशियन अर्सलान, पेशावरचा, शिस्तीचा माणूस, तिथे होता. त्याला म्हटलं, सगळे टायमर उतरव. तो म्हणाला, "मॅडम, ऑर्डर किसका है?" "मेरा." "लिख के देंगे?" त्याच्या जॉबकार्डाच्या पाठीमागे मी लिहून दिलं आणि खाली सही केली. मग त्याने टूलबॉक्स उघडला. "यल्ला मॅडम, आप टॉर्च पकडिए." चारच्या आत चौसष्टच्या चौसष्ट टायमर खाली आले. परत बसवता येऊ नयेत म्हणून मी ते खोक्यांत भरून माझ्या गाडीच्या डिकीत टाकले आणि इंटरनॅशनल सिटीत, माझ्या घरी घेऊन गेले. कंपनीची मालमत्ता घरी नेली, याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणा खुशाल.

दोन दिवसांनी जनरल मॅनेजरांनी बोलावलं. पुरस्काराचं ऑडिट तीन आठवड्यांवर आलं होतं. ते म्हणाले, "सुमैय्या, आपले अठरा टक्के गेले." मी विचारलं, "सर, ते अठरा टक्के आले कुठून होते? कुणाच्या झोपेतून?" ते ऑडिटची फाइल चाळायला लागले. मी म्हटलं, "आपलं हेड ऑफिस एकोणीस डिग्रीवर चालतं. रिसेप्शनवरची मुलगी जुलै महिन्यात स्वेटर घालून बसते. ऑफिस चोवीसवर आणा." ते म्हणाले, "तिथे क्लायंट येतात." मी म्हटलं, "आणि कॅम्पात कोण येतं?"

त्यांनी मीटिंग तिथेच संपवली. मात्र टायमर परत लागले नाहीत. सहा महिने मी फाइल घेऊन दारोदार फिरले, तेव्हा कॅम्पाचं छप्पर पांढरं झालं, पश्चिमेच्या भिंतीला आतून इन्सुलेशन आलं, ऑफिसही बावीसवर आलं. बचत किती झाली? अकरा टक्के. पुरस्कार दुसऱ्या कुणाला मिळाला. राजाभाऊ गावी गेले. आता त्यांना जड काम होत नाही, भावाच्या दुकानात बसतात. मला डॉक्युमेंटेशन विभागात बसवलं गेलं आणि या वर्षी कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर, खलास. तक्रार नाही माझी. राजाभाऊंची किडनी गेली, त्यापुढे माझी नोकरी म्हणजे काय?

आता साहेब, थोडं पुढचं सांगते. अस्वस्थ होऊ नका, हे माझ्या गावचं आहे.

आमच्या रत्नागिरीच्या बाजूला एक छोटा पक्ष आहे, सह्यसागर हरित पक्ष. इतका छोटा की त्याचं कार्यालय एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आहे. निवृत्त मुख्याध्यापिका नर्मदाताई तो चालवतात. मी, सुमैय्या होडेकर, त्यात जातेय कळल्यावर इथल्याच एका स्नेह्यांनी मिश्कीलपणे विचारलं, "होडेकर आणि हिरवा झेंडा? वा!" त्यांना म्हटलं, हा झाडाच्या पानाचा हिरवा आहे, तो बघायला चष्मा लागत नाही.

नर्मदाताईंनी जाहीरनाम्याचा मसुदा वाचायला पाठवला. ऊर्जेचं प्रकरण मला आवडलं: शाळांच्या छपरांवर सोलर, वाडीवाडीला मिळून एक पंप. घरांचं प्रकरणही चांगलं, खाडीकाठच्या जमिनी सेकंड होमवाल्यांनी गिळू नयेत वगैरे. सामाजिक न्यायावर दीड पान. सगळं वाचलं आणि व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार यात कुठे आहेत?" आमच्याकडे हंगामात बागेबागेत नेपाळी माणसं राहतात. प्लास्टिकच्या कागदाचं नाहीतर पत्र्याचं खोपटं. वैशाखात त्या पत्र्याखाली काय होतं, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ते आपले मतदार नाहीत हो."

मी म्हटलं, "दादा, बावीस वर्षं मी जिथे राहिले तिथे मीही मतदार नव्हते. मग मी माणूस होते की नव्हते?"

पलीकडे दोघातिघांनी कॅमेरे बंद केले. मला वाटलं, नेट गेलं. मग नर्मदाताई म्हणाल्या, "सुमैय्या, तो परिच्छेद तुम्हीच लिहा." मी एका वाक्यात लिहिला: ज्या खोलीत मालक स्वतः मे महिन्यात दुपारी झोपू शकणार नाही, त्या खोलीत त्याने कामगाराला ठेवू नये.

त्या वाक्यापायी पक्षाचे दोन पदाधिकारी सोडून गेले. बागायतदारांनी देणग्या थांबवल्या. आणि नर्मदाताईंनी काय केलं? मलाच विचारलं, "जिल्हा परिषदेला उभ्या राहाल का?" लेक म्हणाली, "मम्मा, यू विल लूज बॅडली." मी म्हटलं, इन्शाल्ला, बॅडली तरी नाही.

पण मित्रहो, मी उभी राहणार त्या मतदारगटातल्या मोठ्या बागायतदारांपैकी एक आहे हमीद होडेकर. माझा सख्खा थोरला भाऊ. त्याच्या बागेत अकरा नेपाळी माणसं एका पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. भाईने माझ्या शिक्षणासाठी कॉलेज सोडलं होतं, हे मी विसरलेले नाही. गेल्या शुक्रवारी त्याचा फोन आला. "सुमी, आपल्याच घरावर उठलीस?"

मी म्हटलं, "भाई, तू एक दुपार त्या शेडमध्ये झोप. झोप लागली तर मी अर्ज भरणार नाही."

तो म्हणाला, "अर्ज भरलास तर या घरात पाय ठेवू नकोस." आणि फोन ठेवला.

मी रडले. ते लपवत नाही. घर दोघांच्या नावावर आहे, कोर्टात गेले तर मला खोली मिळेल. पण भावाशी भांडून मिळवलेल्या खोलीत झोप येत नाही, आणि भावाला जपण्यासाठी अकरा माणसं पत्र्याखाली ठेवली तरीही येत नाही. म्हणून मी निवडलं. परवा सकाळी उतरेन ती थेट शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत. बुधवारी अर्ज भरायचा आहे. तेव्हा आजच्या तारखेला स्वतःच्या गावात जिला राहायला घर नाही, अशी एक बाई घरांच्या प्रश्नावर मतं मागायला चालली आहे. हसा तुम्ही. मीही हसते. पण जाणार आहे.

विद्युल्लताताई, मायेने पांघरलेल्या शालीबद्दल आभार. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सकाळपासून खुर्च्या मांडल्या, मागच्या रांगांतल्या पाहुण्यांसाठी जेवण वाढवलं, त्यांचे ऋण मोठे. सामंतसाहेब, दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मराठीत ठिकठिकाणी ऑफिस घुसलं असेल, ते सगळं पदरात घ्या. तुमची अट मोडली असेल, तर त्याबद्दल मात्र माफी मागत नाही.

जेवण तयार आहे असं कळलंय. शेवटच्या तीन रांगांनी आधी उठावं, त्यांची शेवटची बस लवकर असते. बाकीचे आपण थांबू.