माहेरची करडं

घरी संशोधन करायचं असलं ना, तर आधी घरच्यांना गावाला पाठवा. आमच्या सेलूच्या कॉलेजात बीएस्सीला प्रकल्पाची सोयच नव्हती, अन् एमएस्सीच्या मुलाखतीत दाखवायला तर काहीतरी पाहिजे. मॅडम म्हणल्या, "घरी शेळ्या आहेत ना? मग तीच तुझी प्रयोगशाळा."

शेवग्याच्या पाल्यानं करडांचं वजन वाढतं का, ते बघायचं ठरलं. अर्ध्या करडांना पाला, अर्ध्यांना नुसता चारा. महिन्यानं बघते तर सगळी सारखीच वाढलेली! मग एक दिवस आईला पकडलं. उरलेल्या करडांना गुपचूप पाला टाकायली.

"आई, काय करायलीस?"

"एका दावणीला बांधून एकाला वाढायचं अन् दुसऱ्यानं बघत बसायचं? असला पंक्तिभेद माझ्या घरात न्हाई चालायचा."

झालं, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी चाऱ्यावरची करडं ताडकळसला आत्याकडं नेऊन सोडली. बजावलं, "आत्या, शेवग्याचं एक पानसुद्धा द्यायचं न्हाई." ती "बरं" म्हणली.

वजनकाटा घेऊन गेले, तर करडं ओळखू येईनात, अशी गुटगुटीत!

"आत्या, पाला दिलास ना?"

"तुझी शपथ, एक पान दिलं न्हाई. पण माहेरची करडं हायत बाई, नुसत्या चाऱ्यावर कशी ठेवू? रोज सरकी भिजवून घातली."