आतून ओ आली न्हाई

मी मूळची पूर्णेची. आमचे दादा, म्हणजे वडील, रेल्वेच्या गँगमध्ये होते, अन आमच्या घरात कॉलेजाची पायरी चढलेली पहिली मीच. नर्सिंगची डिग्री हाय माझ्याकडं, हे मी सांगते, लाजत न्हाई. दादा म्हणायचे, रुळावर वाकून काम करताना मागून आलेली गाडी दिसत न्हाई, म्हणून एकानं उभं राहून हाक द्यायची अन बाकीच्यांनी ओ द्यायची, ज्याची ओ आली न्हाई त्याच्याकडं आधी पळायचं. तेच मी वार्डात आणलं.

वार्ड कसला, काय सांगू तुमाला. तालुक्याचा सरकारी दवाखाना, बाळंतपणाच्या खाटा भरल्या की बाया खाली सतरंजीवर, अन पाळीला आमी तिघी, मी, शाहीन सिस्टर अन कौसाबाई मावशी. मावशी आया, कंत्राटावरची. मधी पडदे, इकडचं तिकडं दिसंना, म्हणून नुसतं नाव घ्यायचं. शाहीन म्हणलं की ती म्हणायची ओ, मावशी म्हणलं की ओ माय. एवढ्यावर कळायचं कोण कुठं हाय ते. शाहीन आधी हसली, म्हणली, सिस्टर, तुमी तर आमाला शेळ्यासारख्या हाका मारायलाव. मग तीच सगळ्यात मोठ्यानं ओ द्यायला लागली.

त्या दिवशी दुपारपाळी होती अन गावाचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी जीपा मिळतात, म्हणून खेड्यातल्या बाया त्याच दिवशी येतात, पाय ठेवायला जागा नसती. डॉक्टर मॅडम एकट्याच, त्या थेटरात सिझरला, शाहीन त्यांच्या हाताखाली. इकडं मी अन मावशी. राधा म्हणून एक पहिलटकरीण होती, माहेरी आलेली. बाळंत झाली, पोरगी झाली, चांगली रडली. मावशीनं पोरगी दारात नेऊन राधाच्या आईच्या पदरात दिली, म्हणली, घे, तुज्यासारखंच बसकं नाक हाय. ती माउली हसली, मला आतपर्यंत ऐकू आलं.

अन मग रक्त सुरू झालं. बाळंतिणीचं जातं तेवढं न्हाई, थांबंनाच. मी मावशीला म्हणलं, पोटावर हात दाबून धर, आतला पिशवीचा गोळा ढिला पडू देऊ नको, मी सुई देते, सलाईन लावते. शाहीनला हाक मारली, थेटरातून ओ आली, पण तिकडंबी बाईचं पोट उघडलेलं, ते टाकून मॅडम येणार कशा. तिथूनच वरडून औषध सांगायच्या, मी द्यायची. दवाखान्याची गाडी दुसऱ्या बाईला घेऊन परभणीला गेलेली. तेवढ्यात खालच्या सतरंजीवरची बाई कळा द्यायला लागली. मी तिकडं वाकले, मागं न बघता म्हणलं, मावशी. ओ माय. बाळाचं डोकं दिसलं, मावशी. ओ माय. बाळ हातात आलं, नाळ बांधली, परत म्हणलं, मावशी.

ओ आली न्हाई.

वळून बघितलं तर मावशीचा हात तसाच पोटावर, गच्च दाबलेला, अन ती राधाच्या तोंडाकडं बघायलीय. मी वरडले, तिकडं शेवटचा टाका पडला तशा मॅडम हातमोज्यासकट पळत आल्या, शाहीन आली, छाती दाबली, लय केलं आमी, लय केलं. मग मॅडम थांबल्या. म्हणल्या, मावशी, काढा आता हात. ती काढीना. शाहीननं एकेक बोट उचलून सोडवलं अन म्हणली, चल मावशी, हात धू.

तरी पाळी संपली नव्हती. दारात आजीजवळ राधाची पोरगी भुकेनं कळवळायला लागली, मी तिला आत आणलं, तर त्या सतरंजीवरच्या बाईनं आपलं लेकरू एका अंगाला घेतलं अन तिला दुसऱ्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं चौकशी झाली. माणसांच्या जागा रिकाम्या हायत हे आमी लिहून दिलं, त्या अजून रिकाम्याच हायत. मावशीचं कंत्राट संपलं, तिनं परत अर्ज केला न्हाई. म्हणली, माय, माझ्या हाताला अजून तिचं पोट लागतंय.

परवा राधाची आई पोरीला लशीला घेऊन आली. माझी मान वर होईना. तीच म्हणली, सिस्टर, त्या दिवशी मी दाराला टेकून बसले होते. तुमी हाक मारायच्या, ती बाई ओ द्यायची, मला वाटायचं, हाय, माझी लेक हाय अजून. ओ आली न्हाई तवाच मी पोरीला पदराखाली घेतलं.

मी लस दिली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणलं, लय मोठी हो माय, आईचं आयुष्य तुला लागू दे. नाक खरंच बसकं हाय.

मावशीच्या जागी आता एक नवी पोरगी आलीय. हाक मारली की ती नुसती मान हलवती. मी तिला म्हणलं, तोंडानं ओ देत जा बाई, मोठ्यानं दे. दाराच्या पलीकडं कुणाची तरी आई कान लावून बसलेली असती.