दोघी जावांच्या मधली म्हैस

— न्हाई, न्हाई, तू आधी चहा घे, मग ते लॅपटॉप उघड. रागावले न्हाई मी, फोनवर बोलले तेवढंच. नगरावरनं बेलापूरपतोर आलीस तू एका म्हशीपायी, तुझ्यावर रागवायचं कसं? पन डेअरीचा प्रोग्राम तूच लिव्हलास ना, स्नेहल? व्हय ना? मग तुला ऐकाया पायजे काय झालं ते.

आमची चंद्री अर्धी माझी, अर्धी माझी जाऊ लंकाबाईची. भाऊ-भाऊ येगळे झाले तवा रान वाटलं, घराच्या मधनं भिंत घातली — म्हशीच्या मधनं काय घालता? मग ठरलं, सकाळचं दूध माझं, सांजचं तिचं. आनि आमी दोघी बोलत न्हवतो. का म्हंजे — पाटा. वाटनीत सासूचा पाटा तिच्याकडं गेला नि वरवंटा ऱ्हायला माझ्याकडं. ती बिनवरवंट्याचा पाटा धरून बसली, मी बिनपाट्याचा वरवंटा. दोघींच्या घरी मिक्सर हाय, तरी बी. ऱ्हाऊ दे, तुला न्हाई कळायचं ते.

तर तू डेअरीत आल्तीस तवा मला इचारलंस, मावशी, एका मालकाच्या लई म्हशी असत्यात का? मी म्हनलं व्हय. एका म्हशीचे लई मालक असत्यात का? मी म्हनलं असत्यात की, ही काय मी उभी. तू म्हनलीस, मग मॉडेलं, म्हंजे मालकांची नि म्हशींची यादी, एकमेकांना जोडाया लागत्याल, जावास्क्रिप्टमधी — मला वाटलं आमच्यासारख्या जावांसाठीच निघालंय काय तरी. आता सांगतीस, कोन कुनाच्या मालकीचं ते एका ओळीत उलटं पडलं. तुला एक ओळ, बाई. माझ्या मोबाईलवर मेसेज आला — ‘प्रिय चंद्री, आपल्या नावे दोन जनावरे आहेत : राहीबाई, लंकाबाई. दोघींचे लसीकरण बाकी आहे.’ राहीबाई म्हंजे मी.

दुसऱ्या दिशी मच्छिंद्र आला, डेअरीचा लस टोचनारा. मोबाईलात बघतोय, माझ्याकडं बघतोय. म्हनला, मावशी, तुमी मानूस हाय ते मला म्हाईत हाय, पन तुमची लस भरल्याबिगर पुढची म्हैस उघडत न्हाई मला. कानाला बिल्ला बी मारावा लागंल, दुखायचं न्हाई. मी म्हनलं, लंकाला मारलास का? तर तिनं म्हनं दार लावून घेतलं. मग गेले डेअरीत. मॅनेजर सुनील, सभ्य मानूस, खुर्ची दिली मला — म्हनला, जनावराची तक्रार घेता येत न्हाई, मालकाला यावं लागंल. मालक म्हंजे चंद्री. आनि दोन्ही जनावरं संगं दाखवायची, एक-एक चालत न्हाई.

गेलो. न जाऊन करतो काय? मधी म्हैस, इकडनं मी, तिकडनं लंका. निम्मी वाट सरली. ओढ्यापाशी लंकाच म्हनली, “चंद्री मागच्या पायानं लंगडतीया का गं?”

मी म्हनलं, “परवापास्नं.”

“मला सांगायचं की.”

“सांगितलं असतं.”

एवढंच. पन त्या दिशी सांजला वरवंटा धुऊन ठिवला मी. हसू नको.

सुनीलनं अर्ज घेतला, चंद्रीचा खूर शाईत बुडवून खाली उमटवला, नि म्हनला, दुरुस्त होईपतोर दर हप्त्याला मालकानं जनावरं घिऊन हजेरी लावायची. तवापास्नं जातो आमी. लंकानं हळद-तेल आनून पाय बांधला तिचा. आता वाटंनं बोलतो — तिच्या सुनंचं, दोघींच्या गुडघ्यांचं, काय बी. येताना देवळाच्या कट्ट्यावर टेकतो, तवर मालकीन चरती. मागल्या खेपंला लंका एवढी हसली, एवढी हसली — का ते नको इचारू, मच्छिंद्राचं हुतं काय तरी.

काय? दुरुस्त करूनच आलीस? एक बटन दाबायचं ऱ्हायलंय? — म्हंजे मग आमी दोघी मालक. हजेरी न्हाई. चांगलं झालं की, सुटलो. — पन मला एक सांग, त्या नव्याच्यात माझं नि लंकाचं नातं काय लिव्हलंस? — काहीच न्हाई? — थेट न्हाई, म्हशीच्या मारफत हाय. बरं. आनि म्हैस काढली तर? — मधली जोडनी आपोआप पुसती. असं हाय व्हय.

न्हाई, सहज इचारते. म्हातारी झाली म्हनून ह्यांनी नि दिरानी चंद्रीला बाजारात काढायचं ठरवलंय. पन इकता येईना त्यांना. सुनील म्हनतो, मालकीन इकता येत न्हाई, तिची जनावरं तेवढी इकता येतील. तवापास्नं दीर माझ्याकडं जरा येगळंच बघतोय. पन तू बटन दाबलंस की झालं त्यांचं काम. येत्या बाजारालाच निघंल ती. मग लंका कशाला येती इकडं? मी तरी कशाला जाते — काय काम सांगून जायचं?

हात काढ त्यावरनं. काढ म्हनते ना. नगरला तुझ्या हापिसात सांग, जमत न्हाई. तुमच्यात न्हाई का जमत कधी काय?

काय? — लंका? तुला कुठं भेटली? — ष्टँडवर? ती गुडघं धरून ष्टँडपतोर आल्ती, तुला गाठाया? काय म्हनली?

न्हाई, नीट सांग. काय म्हनली?

...

मिटव ते लॅपटॉप. ऊठ, तुझी एस.टी. जाईल. आनि मी बी तेच म्हनले ते तिला सांगू नको. जा.