उलटं फूल

घड्याळजीच्या दुकानात बाकावर बसलेल्या शिक्षिकेचे कान शेजारच्या बहीणभावाकडे लागले होते; समोरच घड्याळजी त्यांचं घड्याळ दुरुस्त करत होता.

"ताई, एवढं महागाचं चावीचं घड्याळ, आणि तबकडीवर जिन्याची जाळी?"

"जुन्या नाट्यगृहाच्या जिन्याची. बाबांनी घडवलेली."

"नाट्यगृह तर पाडलं."

"म्हणून तर घेतलं. नीट बघ."

"सोन्याची बारीक फुलं. यातलं एक उलटं आहे की."

"बाबांच्या हातून तसंच बसलं होतं. जन्मभर चुटपुट लागून राहिली त्यांना."

"आणि घड्याळ बनवणाऱ्यांनी ती चूकसुद्धा उतरवली?"

"जसं दिसलं, तसं."

तेवढ्यात घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं. "ताई, तुमचं घड्याळ सुरू झालं. ते एक फूल तेवढं सरळ करून देऊ?"

ताईच्या आधी शिक्षिकाच बोलून गेली, "नको हो, राहू द्या."