किती देवाचे

सून आत बाळंतपणाला गेलेली. बाहेर बाकावर ज्योत्स्नाबाईंचा जीव टांगणीला, पण कान शेजारी होते. तिथे मजुरांच्या संस्थेतल्या इंदुताई आणि त्यांचा गोंडी दुभाष्या सुरज बसले होते.

"विटाभट्टीवरची सोमारी ना? छत्तीसगडची?"

"हो ताई. ऑपरेशनले तयारच नव्हती. मी गोंडीत समजावून राह्यलो होतो, अन् ती भिंतीकडं तोंड करून."

"काऊन?"

"चूक माहीच. गेल्या गेल्या सांगतलं, पोट कापा लागते. परक्या माणसाचं कोण ऐकते? आमच्या गोंडांत कुळ देवांच्या आकड्यावरून ठरते; पहिले विचारतेत, तुमी किती देवाचे."

"मंग?"

"शेवटी तिनंच विचारलं. मी सात देवाचा, तीही सात देवाची. सारखे देव म्हणजे भाऊ-बहीण. मंग रडली, अन् हो म्हणली."

"बरं झालं बाबा."

दार उघडलं. नर्स म्हणाली, "सोमारीले पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत. तिचं कोण आहे इथी?"

"आम्ही संस्थेकडून..." इंदुताई सांगू लागल्या.

सुरज उठला. ज्योत्स्नाबाईंनी पाय आखडून त्याला वाट दिली.

"मी आहो," तो म्हणाला. "पोरीचा मामा."