स्पेनच्या खेळाडूची इस्त्री

नाही, मी म्हणतो, कोटी? एक कोटी लोकांनी बघितलं? काय, तर व्हिडिओत एक माणूस स्वतःचा शर्ट इस्त्री करतोय! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं झाली, याच दुकानात, याच टेबलाशी उभा आहे मी, रोजचे ऐंशी शर्ट, समोरचा चष्मेवालासुद्धा कधी मान वळवून बघत नाही... आणि हा कोण? स्पेनचा फुटबॉलवाला! तोही रिटायर झालेला! अहो, लाथा मारायचा हो तो, लाथा! जन्मभर चेंडूला हात लागला की शिट्टी वाजायची याच्या नावाने, आणि आता हाताची कामं शिकवतोय जगाला!

बरं, करतो तरी कशी? आधी पुढची बाजू! मग बाह्या! अहो, बाह्या होईपर्यंत पुढची बाजू चुरगळणार नाही का? आधी कॉलर, तीही उलटीकडून, मग खांदे, मग कफ... पण ऐकतंय कोण? खाली लोक लिहितात, 'काय तो हात!' हात? लाथा मारायचा हो तो, लाथा!

आणि आमची गिऱ्हाइकं! बँकेतले साहेब मोबाईल नाचवत आले, "जरा त्या स्पेनवाल्यासारखी करा ना." ते जाऊ दे, घरचं ऐका. बायको! माझ्या घडीला जिने कधी 'बरी आहे' म्हटलं नाही, ती गालावर हात ठेवून म्हणते, "अगं बाई, किती प्रेमाने फिरवतो! नाहीतर तुम्ही... जसा काही कपड्यांवर राग काढताय." लागलं हो मला. खरंच लागलं. तीस वर्षांत एक रुमालसुद्धा जाळलेला नाही मी, तेवढंच तर माझं नाव!

तेवढ्यात मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पण टाका ना व्हिडिओ! फक्त कॅमेऱ्यात बघून, हसून बोला." म्हटलं, दाखवतोच! घेतला साहेबांचाच पांढरा शर्ट, कॉलर, खांदे, कफ, सगळं नंबराने, आणि पाठीवर आलो तसा वळलो कॅमेऱ्याकडे, "इस्त्रीवाल्याची नजर कपड्यावरून हलता कामा नये. का? सांगतो..." आणि सांगत बसलो! हसून! मोबाईल धरून उभी मेव्हणी हातवारे करतेय, मला वाटलं, अजून हसा म्हणतेय... वास आला तेव्हा पाठीवर अख्ख्या इस्त्रीचा ठसा, टोकासकट!

आणि तिने ते पुसलं नाही हो, टाकलं! दोन कोटी! त्या स्पेनवाल्याच्या दुप्पट! खुद्द त्याने हसून रडणारी तोंडं पाठवली, मोजून अकरा, अख्खी टीम! लाथा मारायचा ना तो? बसली मला एक, वर्मी! साहेब भडकतील म्हटलं, तर तोच शर्ट घालून माझ्याबरोबर फोटो काढून गेले. आणि बायको शेजारणींना सांगतेय, "आमचे हे बरं का!" तीस वर्षांत पहिल्यांदा!

आज सकाळी एक बाई आल्या. कोरा शर्ट, अजून टाचण्यासुद्धा न काढलेला. "तुम्हीच ना ते? आमच्या ह्यांचा वाढदिवस आहे... तसाच एक जाळून द्या ना!" नाही म्हणणार होतो, शप्पथ! पण मागून बायको, "अहो, द्या ना, त्या हौसेने आल्यात." काय करणार? टाचण्या काढल्या, शर्ट पसरला, इस्त्री तापवली आणि विचारलं, "कुठे जाळू, ताई? पाठीवर की खिशावर?"