पंख्याएवढीच वीज

"आमच्या वैजनाथनं इन्व्हर्टरवरनं माझा पंखा काढला बगा!" उदगीरच्या बसस्टँडवर देवणीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या गुणाबाईंनी शेजारच्या अनोळखी बाईपुढं लेकाचं गाऱ्हाणं मांडलं.

"अगं बया! ह्या उन्हात? कशापायी?"

"गच्चीवर नेटची छत्री बसवलीय. थेट आभाळातनं नेट ओढती म्हणे. लाइट गेली की तिला इन्व्हर्टर पायजे. त्याच्यावर चालतेत दोनच पंखे, एक त्याचा, एक माझा."

"लई वीज खाती का ती?"

"त्यो म्हणतो, 'आई, एका पंख्याएवढीच खाती.'"

"काम नसलं की बंद करावी की मग."

"मी केली होती. तर माझ्यावरच वरडला, 'चालू केली की पुन्हा आभाळ हुडकत बसती ती!' आता तुमीच सांगा, आभाळ काय हरवतंय व्हय?"

"आन बघतो तरी काय येवढं?"

"पाऊस कधी पडंल ते."

"पडतो का?"

"नेटवर रोज पडतो."

"पर मी म्हणते, त्यानं सवताचा पंखा का न्हाई काढला?"

पदरानं वारा घेणारा गुणाबाईंचा हात थांबला. तेवढ्यात वैजनाथ पाण्याची बाटली घेऊन आला.

"वैजनाथ, ती छत्री पंख्याएवढीच हाय न्हवं?"

"हाव आई, तेवढीच."

"मग आजपासून गच्चीवर तिच्याखाली तू झोप. तुझ्या पंख्याखाली मी झोपते."